पिट्सबर्ग म्हणजे नेमकं केवढं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून पिट्सबर्गला बदली होते आहे. ऑफिस क्रॅनबेरी टाउनशिपमध्ये, बायकोला ओकलंडमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय, मुलगी सात वर्षांची. शहराची लोकसंख्या एकीकडे ३ लाख दिसते, दुसरीकडे साडेबारा लाख, तिसरीकडे जवळजवळ २४ लाख. पत्त्यात 'पिट्सबर्ग' लिहिलेलं घर पसंत केलं, तर एजंट म्हणाला की हे पिट्सबर्ग नव्हे. मग पिट्सबर्ग कुठे सुरू होतं, कुठे संपतं, आणि सिटी सोडून चांगला एरिया कोणता, आम्ही राहायचं कुठे?

या भागाचे नकाशे करण्यात माझी बावीस वर्षं गेली. रस्ते, सांडपाणी, शाळांच्या हद्दी, सगळ्यांचे. त्या भांडवलावर उत्तर देतो, जरा लांबेल.

तिन्ही आकडे बरोबर आहेत. २०२० च्या जनगणनेत पिट्सबर्ग शहरात ३,०२,९७१ माणसं होती. शहर ज्या ॲलेगेनी काउंटीत आहे तिची लोकसंख्या १२,५०,५७८. आणि पिट्सबर्ग महानगर क्षेत्राची, म्हणजे इथे ज्याला मेट्रो एरिया म्हणतात त्याची, २३,७०,९३०. महानगर क्षेत्र हा केंद्र सरकारचा सांख्यिकी हिशेब आहे. मध्यवर्ती काउंटीत रोज कामाला येणाऱ्यांचं प्रमाण बघून आजूबाजूच्या अख्ख्या काउंट्या तिला जोडायच्या. त्या जनगणनेत अशा सात होत्या: ॲलेगेनी, आर्मस्ट्राँग, बीव्हर, बटलर, फेएट, वॉशिंग्टन, वेस्टमोरलँड. २०२३ मध्ये लॉरेन्स ही आठवी आली. काउंटी तोडून घेत नाहीत, त्यामुळे फेएटमधलं जंगल आणि आर्मस्ट्राँगमधली गाईगुरंही 'महानगरा'त मोजली जातात. या महानगराला महापौर नाही, महापालिका नाही, स्वतःचा कर नाही. म्हणून तो आकडा बाजारपेठ किती मोठी, विमानतळाला प्रवासी किती मिळतील, एवढ्यापुरता कामाचा. घर घेताना तो विसरा.

घर घेताना उपयोगी पडते ती जमीन. तिथून सुरुवात करू.

ईशान्येकडून ॲलेगेनी नदी येते, दक्षिणेकडून मोनोंगाहेला. दोघी जिथे मिळतात त्या टोकाला लोक नुसतं 'पॉइंट' म्हणतात. आपण दोघींची नावं जोडून मुळा-मुठा करतो. इथे संगमानंतर तिसरंच नाव लागतं, ओहायो, आणि ती पश्चिमेकडे वाहत थेट मिसिसिपीला मिळते. या टोकावर ताबा म्हणजे आतल्या अर्ध्या खंडाच्या जलमार्गावर ताबा, म्हणून १७५४ मध्ये फ्रेंचांनी इथे फोर्ट ड्यूकेन बांधला. १७५८ मध्ये इंग्रज चाल करून आले तेव्हा फ्रेंच तो जाळून निघून गेले, आणि इंग्रजांनी जागेला त्यांचा मंत्री विल्यम पिट याचं नाव दिलं. नावाच्या शेवटचा 'एच' १८९१ मध्ये सरकारी मंडळाने काढून टाकला होता. लोकांनी वीस वर्षं वाद घालून १९११ मध्ये तो परत मिळवला. या गावाचा स्वभाव यावरून ओळखा.

नवा माणूस इथले डोंगर बघतो, पण भूगोलाच्या भाषेत ते डोंगर नव्हेत. मुळात हे सपाट पठार होतं, नद्यांनी आणि शेकडो ओढ्यांनी ते कापत नेलं. त्यामुळे सगळे माथे साधारण एका उंचीला आणि मध्ये खोल, वळणावळणाच्या दऱ्या. डाउनटाउनसमोरचा माउंट वॉशिंग्टन नदीपासून चारेकशे फूट उंच आहे. त्याचं जुनं नाव कोल हिल, कारण त्याच्या पोटात कोळशाचा थर उघडा पडलेला होता. कोळसा डोंगरात, पाणी पायथ्याशी, माल न्यायला नदी दारात. पोलाद इथेच का झालं हे वेगळं सांगायला नको.

सपाट जमीन मात्र फक्त नदीकाठच्या अरुंद पट्ट्यात. ती गिरण्यांनी आणि रेल्वेने घेतली. कामगार चढणीवर राहिले, आणि साहेब लोक धुराच्या वर, पठारावर. चढणीवरच्या वस्त्यांना रस्ता परवडत नव्हता तिथे जिने झाले. शहरात आजही सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत, आणि काही नकाशावर रीतसर रस्ता म्हणून नोंदलेले आहेत. जीपीएसने सांगितलेला 'रस्ता' समोर दीडशे पायऱ्या होऊन उभा राहिला तर दचकू नका. जिन्यांनी भागत नव्हतं तिथे कड्यावर रुळांवरून चढणारे डबे आले. इथे त्यांना इन्क्लाइन म्हणतात. पूर्वी डझनाहून जास्त होते. आता दोन उरलेत, १८७० चा मोनोंगाहेला आणि १८७७ चा ड्यूकेन. पहिल्यातून लोक अजून ऑफिसला जातात-येतात.

आता हद्दींकडे वळू, कारण तुमच्या एजंटच्या बोलण्याची मेख तिथे आहे.

दर दरीत एक गिरणी, दर गिरणीभोवती एक गाव, आणि त्या गावाची स्वतंत्र नगरपालिका, असं हे वाढत गेलं. पेनसिल्व्हेनियात जमिनीचा प्रत्येक तुकडा कुठल्या तरी शहरात, बरोत किंवा टाउनशिपमध्ये असतोच. बरो म्हणजे दाटीवाटीची छोटी नगरपालिका. टाउनशिप म्हणजे मूळची शेतीवाडी, आता बहुधा उपनगर. एकट्या ॲलेगेनी काउंटीत अशा १३० स्थानिक संस्था आहेत. माउंट ऑलिव्हर नावाची एक बरो तर चारी बाजूंनी पिट्सबर्ग शहराने वेढलेली आहे, तरीही वेगळी: स्वतःची कौन्सिल, स्वतःचे पोलीस. होमस्टेडची प्रसिद्ध पोलाद गिरणी तीन बरोंमध्ये पसरलेली होती. ती १९८६ मध्ये बंद पडली, आज तिथे दुकानं आणि सिनेमागृहं आहेत, आणि ते दुकानांचं संकुलही तीन बरोंतच विभागलेलं आहे. दोन दुकानांमधली पार्किंगची रांग ओलांडली की कर घेणारा बदलतो.

पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं सरकारी निर्णयाने महापालिकेत आली, तसं इथे का होत नाही? झालं होतं, एकदा. आजचा नॉर्थ साइड हा भाग म्हणजे पूर्वीचं ॲलेगेनी सिटी, जवळजवळ १ लाख ३० हजार वस्तीचं स्वतंत्र शहर. विलीनीकरणाच्या मतदानात दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजायची असा कायदा झाला. ॲलेगेनीकरांनी विरोधात कौल दिला, पण मोठ्या शहराच्या मतांखाली तो बुडाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०७ मध्ये निकाल लागला: नगरपालिका हे राज्याचं अपत्य, राज्य ती मोडू-जोडू शकतं. अमेरिकेत कायदा शिकणारी मुलं हा निकाल आजही वाचतात. उपनगरांनी मात्र त्यातून एकच धडा घेतला, की शहराच्या जवळ जाताना जपून. १९२९ मध्ये अख्ख्या काउंटीचं एक संयुक्त शहर करायची योजना मतदानाला आली, तेव्हा एकूण मतदारांत मोठं बहुमत असूनही ती पडली. कारण निम्म्याहून जास्त नगरपालिकांत, आणि तेही प्रत्येक ठिकाणी दोन तृतीयांश मतं हवीत, अशी अट घालून ठेवलेली होती.

म्हणून शहराची हद्द तेव्हापासून जवळजवळ गोठलेली आहे, साधारण ५८ चौरस मैल. १९५० मध्ये याच शहरात ६,७६,८०६ माणसं होती. आज निम्म्याहून कमी. हे वाचून 'शहर ओस पडलं' असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. गिरण्यांबरोबर हजारो कुटुंबं राज्याबाहेर गेली हे खरंच, पण बरीचशी फक्त पुढच्या टेकडीवर गेली, जिथे हद्द दुसऱ्याची होती. हद्द पसरवता आली असती तर कागदावरचं चित्र एवढं भकास दिसलं नसतं.

तुमच्या पत्त्याचा घोळ आता सुटेल. पत्त्यातलं 'पिट्सबर्ग' हे टपाल खात्याचं पिट्सबर्ग. १५२ ने सुरू होणारे झिप कोड शहराबाहेर बरेच लांबवर पसरलेत. माउंट लेबनॉन, अप्पर सेंट क्लेअर, रॉस, पेन हिल्स या सगळ्यांना पत्रं 'पिट्सबर्ग' नावाने येतात, आणि यातलं एकही शहरात नाही. उलटा प्रकार वेक्सफर्डचा. उत्तरेकडच्या निम्म्या घरांच्या जाहिराती 'वेक्सफर्ड' म्हणून असतात, पण वेक्सफर्ड नावाची नगरपालिकाच अस्तित्वात नाही. ते टपालाचं नाव आहे. तिथलं घर पाइन, मॅककँडलेस, मार्शल किंवा फ्रँकलिन पार्क यांपैकी कशातही निघू शकतं, आणि त्यानुसार शाळा बदलते.

हा घोळ पैशातही भोवतो. शहरात राहणाऱ्याला पगारावर ३ टक्के स्थानिक आयकर आहे, १ शहराचा आणि २ शाळांचा. बहुतेक उपनगरांत तो एकूण १ टक्का. राज्याचा ३.०७ टक्के आणि केंद्राचा याखेरीज. मी आलो तेव्हा पेन हिल्समध्ये भाड्याने राहत होतो. पत्त्यात पिट्सबर्ग बघून माझ्या तेव्हाच्या कंपनीच्या पगार विभागाने शहराचा दर लावला, आणि माझ्या लक्षात आलं तोवर आठ महिने उलटले होते. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी जेवढे फॉर्म भरले तेवढे मी व्हिसासाठीही भरले नव्हते. नोकरीवर रुजू होताना रहिवासाचा एक फॉर्म देतात, त्यात नगरपालिकेचं नाव आणि सहा आकडी कोड लिहायचा असतो. तो झिपवरून भरू नका. राज्याच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता घालून शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

तुम्ही 'सिटी सोडून चांगला एरिया' असं विचारलंय म्हणून शाळांबद्दल. इथे शाळा नगरपालिकेची नसते. स्कूल डिस्ट्रिक्ट ही तिसरीच संस्था, तिचं निवडून आलेलं मंडळ वेगळं, हद्द वेगळी, आणि घरपट्टीतला सगळ्यात मोठा वाटा तिचा. काउंटीत चाळीसहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. नॉर्थ ॲलेगेनी डिस्ट्रिक्टमध्ये चार नगरपालिका येतात, माउंट लेबनॉनचं डिस्ट्रिक्ट फक्त माउंट लेबनॉनपुरतं. घराच्या किमती नदीकाठ किंवा डाउनटाउनचं अंतर यापेक्षा या अदृश्य रेषेने ठरतात. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना सारखीच घरं आणि किमतीत डोळ्यांत भरण्याइतका फरक, हे मी नकाशावर इतक्यांदा रंगवलंय की आता आश्चर्य वाटत नाही. न्याय्य आहे का? माझ्या मते अजिबात नाही. गिरणी गेली तिथे करही गेला, आणि मुलं मात्र तिथेच राहिली. मोनोंगाहेलाकाठचं ब्रॅडॉक बघा. १९२० मध्ये २०,८७९ वस्ती, २०२० मध्ये १,७२१. विशेष म्हणजे तिथली १८७५ ची एडगर थॉमसन गिरणी अजून चालू आहे. तिला आता पूर्वीइतकी माणसं लागत नाहीत.

त्या खोऱ्याबद्दल आणखी एक. ब्रॅडॉकच्या दक्षिणेला, क्लेअर्टनला, कोळशापासून कोक, म्हणजे पोलादाच्या भट्टीचं इंधन, करणारा प्रचंड कारखाना आहे. हिवाळ्यात थंड हवा दरीत अडकते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि सकाळी सडक्या अंड्यासारखा वास येतो. ऑक्टोबर १९४८ मध्ये याच नदीवर, आणखी दक्षिणेला, डोनोरा गावात असंच झाकण काही दिवस बसलं आणि २० माणसं गेली. अमेरिकेत हवेच्या प्रदूषणाचे कायदे झाले त्यामागे ही घटना मोठी आहे. आज तशी परिस्थिती नाही, पण मुलीला दम्याचा त्रास असेल तर मॉन व्हॅली, म्हणजे हेच खोरं, टाळा. स्वस्त घर बघून मोहात पडू नका.

रस्त्यांचं गणित इथे मैलांत करत नाहीत. नदी किती वेळा ओलांडायची आणि बोगदा लागतो का, हे विचारतात. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत. पश्चिमेचा फोर्ट पिट, दक्षिणेचा लिबर्टी आणि पूर्वेचा स्क्विरल हिल हे तीन बोगदे रोज सकाळ-संध्याकाळ तुंबतात. बोगदा रुंदच असतो, पण तोंडाशी आल्यावर प्रत्येक जण उगीच ब्रेक दाबतो. विमानतळाकडून पहिल्यांदा येताना फोर्ट पिट बोगद्यातून बाहेर पडताच समोर एकदम नद्या, पूल, इमारती उघडतात, ते दृश्य मात्र खरंच बघण्यासारखं आहे. शहराभोवती रिंग रोड नाही. त्याऐवजी जुनेच रस्ते जोडून, रंगीत पाट्या लावून केलेले 'बेल्ट' आहेत: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. पाट्या पाळत गेलात तर पोचता, फक्त घाई नको. ट्राम-रेल्वे, तिला 'टी' म्हणतात, मुख्यतः दक्षिणेकडच्या उपनगरांना जाते. ओकलंडला ती जात नाही. दोन मोठी विद्यापीठं आणि रुग्णालयांचा एवढा पसारा असूनही जात नाही, आणि यावर इथले नियोजनवाले पिढ्यानपिढ्या डोकं धरून बसलेत.

ओकलंड हे शहराचं दुसरं केंद्र. पिट विद्यापीठ १७८७ चं, कार्नेगी मेलन १९०० चं, आणि भोवती यूपीएमसीची रुग्णालयं. यूपीएमसी ही आज पेनसिल्व्हेनियातली सगळ्यात मोठी बिगरसरकारी नोकरी देणारी संस्था. यूएस स्टीलच्या ६४ मजली इमारतीच्या माथ्यावर आता तिचीच अक्षरं आहेत. शहराची कथा एका फोटोत हवी असेल तर तो फोटो काढा.

माणसांचं सांगायचं तर दरीगणिक वस्ती बदलते. ब्लूमफील्ड इटालियन, पोलिश हिल नावाप्रमाणे, स्क्विरल हिल ज्यू. चढउतारामुळे वस्त्या एकमेकींत फारशा मिसळल्या नाहीत, चर्च आणि बेकऱ्या टिकल्या. शहराने स्वतःचे ९० भाग अधिकृतपणे मोजलेत. कृष्णवर्णीय लोक शहरात पाव हिश्शाहून थोडे कमी. त्यांचा जुना गाभा हिल डिस्ट्रिक्ट. डाउनटाउनला लागून असलेला त्याचा खालचा भाग १९५० च्या दशकात क्रीडागृहासाठी पाडला आणि सुमारे ८ हजार लोक उठवले. ते क्रीडागृहही आता राहिलेलं नाही. दक्षिणेला व्हाइटहॉल-ब्रेंटवूड भागात भूतानमधून निर्वासित झालेले नेपाळी भाषक गेल्या दीड दशकात मोठ्या संख्येने आले. तिथल्या दुकानांत मोहरीचं तेल आणि चिवडा दोन्ही मिळतं, फक्त त्यांचा चिवडा म्हणजे आपले कोरडे पोहे.

आपली मंडळी आधी पूर्वेला स्थिरावली. मन्रोव्हिल भागात वेस्टिंगहाउसमधले इंजिनिअर आणि रुग्णालयांतले डॉक्टर होते. पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर १९७० च्या दशकातलं, तिरुपती देवस्थानच्या मदतीने उभं राहिलेलं, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक. नंतरची आयटीवाली पिढी ग्रीन ट्री-स्कॉट टाउनशिपमध्ये भाड्याने राहिली आणि घर घ्यायला उत्तरेला गेली. त्यामुळे देऊळ पूर्वेला, किराणा दक्षिण-पश्चिमेला आणि मित्र उत्तरेला, अशी इथल्या मराठी माणसाच्या शनिवारची अवस्था असते.

आता तुमचं. क्रॅनबेरी बटलर काउंटीत, डाउनटाउनपासून वीसेक मैल उत्तरेला. ॲलेगेनी काउंटीच्या बसचं जाळं तिथे पोचत नाही. म्हणजे तिथे घर घेतलंत तर तुम्ही खूश आणि बायको रोज ड्रायव्हिंगमध्ये. ओकलंडजवळ, स्क्विरल हिल किंवा शेडीसाइडला राहिलात तर तिला चालत किंवा बसने जाता येईल, मुलीला भोवती जग दिसेल. तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने जाल, तरी शहर ओलांडून जायचंय म्हणून तासाभराची तयारी ठेवा. आणि ३ टक्के कर आलाच. मधला मार्ग मॅककँडलेस किंवा रॉस टाउनशिपचा. तिथून तुम्हाला महामार्गाने उत्तर सोपी, आणि तिला गाडी पार्क-अँड-राइडला लावून डाउनटाउन, तिथून ओकलंडची बस. बसचं वेळापत्रक घर ठरवण्याआधी बघा. मॅककँडलेसला नॉर्थ ॲलेगेनीच्या शाळा, रॉसला नॉर्थ हिल्सच्या. पहिलं महाग.

माझा सल्ला पहिलं वर्ष भाड्याने, मॅककँडलेसमध्ये. एक हिवाळा इथल्या चढांवर गाडी काढून बघा.

पुढे विकत घ्याल तेव्हा दोन गोष्टी एजंट आपणहून सांगणार नाही. घराखाली जुनी कोळशाची खाण आहे का ते राज्याच्या नकाशावर बघा. असेल तर जमीन खचण्याचा विमा राज्य सरकारच देतं, घराच्या नेहमीच्या विम्यात तो नसतो. दुसरं, मागचं अंगण उतरतं असेल तर आधारभिंत कुणाची हे लेखी घ्या. इथली लालसर चिकणमाती पावसात सरकते, आणि घसरणीचं नुकसानही नेहमीच्या विम्यात बसत नाही. माझ्या शेजाऱ्याचं गॅरेज आज ज्या जागी आहे ती मूळ जागा नव्हे.